मका चोरणारे फादर : कोरियाच्या कैदछावणीतले एमिल कपॉन

ओढ्याकाठचा

गेला महिनाभर जनरल एस. पी. पी. थोरातांबद्दल हाताला लागेल ते वाचतोय. कोल्हापूरजवळच्या वडगावचे, म्हणजे आमच्याच भागातले. १९५३ साली कोरियात शस्त्रसंधी झाल्यावर युद्धकैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज गेली, तिचे ते प्रमुख होते. त्या वाचनात एका ठिकाणी पाय अडकला आणि थोरात राहिले बाजूला.

चिनी छावण्यांतून १९५३ मध्ये सुटून आलेल्या अमेरिकन कैद्यांनी येताना सोबत एक लाकडी क्रूस आणला होता. जवळजवळ चार फुटांचा, सरपणाच्या लाकडातून कोरलेला. कोरायचा चाकू बुटाच्या तळातल्या पोलादी पट्टीचा. कोरणारा मेजर जेराल्ड फिंक हा वैमानिक, आणि धर्माने ज्यू. ज्या कॅथलिक फादरच्या आठवणीसाठी त्याने तो कोरला, त्या माणसाला त्याने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. फिंक छावणीत पोचला तोवर फादर वारले होते.

म्हटलं, हा कोण माणूस?

एमिल कपॉन. २० एप्रिल १९१६ चा जन्म, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिल्सन नावाच्या खेड्यातला. बोहेमियातून (आजच्या चेक देशातून) आलेल्या लोकांची वस्ती, घरी शेती, पैसा बेताचा. पोरगा नांगर धरणारा, मोडलेलं अवजार स्वतःच दुरुस्त करणारा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९४० साली धर्मगुरूची दीक्षा झाली, काही वर्षं गावच्याच चर्चमध्ये काढली आणि १९४४ मध्ये ते सैन्यात चॅप्लन, म्हणजे लष्करी धर्मगुरू, म्हणून दाखल झाले.

आणि पहिली मोठी नेमणूक कुठे? आपल्याकडे. एप्रिल १९४५ ते मे १९४६ ते भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते. आसामातल्या लेडोपासून चीनकडे जाणारा तो हजार मैलांचा रस्ता अमेरिकन इंजिनिअर आणि मजुरांनी जंगल कापत काढला, त्या टापूत विखुरलेल्या तळांवर जीप नाहीतर विमानाने फिरायचं, मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, म्हणायची, पुढच्या तळावर जायचं. महिन्याला दोन हजार मैलांच्या घरात प्रवास व्हायचा. थोरात १९४५ च्याच सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या आराकानात जपान्यांशी लढत होते आणि तिथेच त्यांना डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. दोघांची गाठ पडलेली नाही, मी आपला नकाशावर बोट ठेवून बसलो होतो इतकंच.

युद्ध संपलं, कपॉन घरी गेले, शिक्षणशास्त्रात एमए केलं. १९४८ मध्ये परत सैन्यात. १९५० च्या जुलैत पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनबरोबर कोरियात उतरले ते आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटचे चॅप्लन म्हणून.

अमेरिकन चॅप्लन शस्त्र बाळगत नाही. कपॉनकडे पाईप होता. एकदा शत्रूच्या नेमबाजाने तोही उडवला, दातांत नुसती दांडी राहिली. जीप होती तोवर तिच्या बॉनेटवर पांढरं कापड अंथरून मिस्सा व्हायची; ७ ऑक्टोबर १९५० चा तसा एक फोटो आहे, आज त्यांचा म्हणून तोच सगळीकडे दिसतो. जीप गेल्यावर कुठूनशी सायकल मिळवली. २ ऑगस्टला कुमचोनजवळ एक जखमी जवान गोळीबारात अडकून पडला होता. मशीनगन चालू असताना कपॉन एका सोबत्याला घेऊन गेले आणि त्याला उचलून आणलं. त्याबद्दल ब्राँझ स्टार हे पदक मिळालं.

मग उत्तर कोरियातलं उनसान. अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या मुख्यालयाला उत्तर कोरियाच्या बाजूने चिनी फौज मोठ्या संख्येने उतरली आहे हे पटतच नव्हतं. १ नोव्हेंबर १९५० च्या रात्री शिंगं फुंकत, शिट्ट्या वाजवत ती आठव्या कॅव्हलरीवर येऊन आदळली. तिसऱ्या बटालियनमध्ये आठशेच्या आसपास माणसं होती, त्यातली सहाशेच्या घरात मेली नाहीतर पकडली गेली. ज्यांना चालता येतं त्यांनी निसटावं असा हुकूम निघाला. कपॉन धडधाकट होते. ते आणि डॉक्टर क्लॅरन्स अँडरसन जखमींजवळ मागे राहिले. जखमींमध्ये एक चिनी अधिकारीही होता. कपॉननी त्यालाच गळ घातली आणि त्याच्याकडून बाहेरच्यांना ओरडून सांगवलं की आत जखमी आहेत, गोळ्या थांबवा.

पकडून नेत असताना रस्त्याकडेच्या चरात सार्जंट हर्बर्ट मिलर दिसला. हातबॉम्बने घोटा फुटलेला, आणि एक चिनी शिपाई त्याच्या डोक्याला बंदूक लावून उभा. कपॉन रांगेतून बाहेर पडले, चालत गेले, हाताने बंदूक बाजूला सारली आणि मिलरला उचलून पाठीवर घेतलं. शिपाई बघत राहिला. का नाही झाडली त्याने गोळी, ते मिलरला साठ वर्षांनंतरही सांगता आलं नाही. उत्तरेकडच्या त्या लांबच्या चालीत कपॉन त्याला कधी पाठीवर घेत, कधी एका पायावर लंगडू देत.

शौर्याची गोष्ट म्हणायची तर ती इथे संपते. पण मी हा धागा काढला तो पुढच्या सहा महिन्यांसाठी.

यालू नदीकाठी प्योकतोंग नावाचं गाव. तिथली ‘छावणी क्रमांक ५’. १९५०-५१ चा कोरियाचा हिवाळा, अंगावर उन्हाळी कपडे, खायला मूठभर बाजरीसारखं धान्य आणि भरडलेला मका. कपॉन काय करत होते? प्रवचनं? नाही. पडक्या शेडचा पत्रा काढून, दगडाने ठोकून ठोकून त्याची भांडी केली. सांधे असे बसवले की पाणी गळू नये. त्यात बर्फ वितळवून, उकळून सगळ्यांना पाजायचं, कारण न उकळलेल्या पाण्याने हगवण लागायची आणि हगवणीने माणूस चार दिवसांत जायचा. हगवणीने लडबडलेल्यांचे कपडे धुवायचे. स्वतःच्या हाताने ऊ काढता येत नाही इतकं जे गळाले होते त्यांच्या उवा काढायच्या. स्वतःचं घड्याळ देऊन एक घोंगडी मिळवली, ती फाडून लोकांना पायमोजे शिवले. मेलेल्यांना पुरायच्या कामावर आपणहून जायचं. मेलेल्याचे कपडे उतरवून, धुऊन जिवंतांना द्यायचे.

आणि चोरी करायची. रात्री कुंपणाबाहेर सटकून शेतातला मका, बटाटे, कोठारातलं मीठ. निघण्याआधी संत दिस्मासची प्रार्थना. दिस्मास म्हणजे येशूशेजारच्या क्रुसावरचा तो पश्चात्ताप झालेला चोर. आणलेलं सगळं मधे ठेवायचं. छावणीत अन्न लपवून ठेवणारे बरेच होते. बाकीच्यांनी लिहून ठेवलंय की फादरनी उपदेश न करता स्वतःचं चोरलेलं मधे ठेवल्यावर इतरांचंही लपवलेलं बाहेर यायला लागलं.

रात्री अंधारात झोपड्याझोपड्यांतून सरपटत जाऊन प्रार्थना. चिनी राजकीय अधिकाऱ्यांच्या ‘शिकवणी’त बसवलं की शांतपणे उलटे मुद्दे मांडायचे. २५ मार्च १९५१ ला ईस्टर होता. जळक्या चर्चच्या पडक्या पायऱ्यांवर सूर्योदयाला त्यांनी उपासना घेतली. भाकर नाही, द्राक्षारस नाही, म्हणजे मिस्सा शक्य नाही. मग येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला, जपमाळ म्हटली, गाणी झाली. आलेल्यांत प्रॉटेस्टंट होते, ज्यू होते, काही न मानणारेही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाय सुजला, रक्ताची गुठळी. मग हगवण, मग न्यूमोनिया. कैद्यांमधल्या डॉक्टरांनी जवळजवळ ओढून वर आणलं होतं. तेव्हा पहारेकरी आले ‘इस्पितळात’ न्यायला. कैदी त्या जागेला मरणघर म्हणायचे, तिथून कोणी परत येत नसे. सोबत्यांनी हुज्जत घातली, उपयोग झाला नाही. मग त्यांनीच खांद्यावर उचलून पोचवलं. जाताना कपॉननी पहारेकऱ्यांना क्षमा कर म्हणून प्रार्थना केली. २३ मे १९५१ ला गेले. वय ३५.

बाकी पदकं वगैरे नंतर प्रतिसादांत लिहितो. टंकून बोटं दुखली.

सई_व

सकाळी ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. ‘सांधे असे बसवले की पाणी गळू नये’ इथे थांबले. माझे आजोबा तांबट होते, पत्र्याचा सांधा दगडाने बसवणं म्हणजे काय ते घरात ऐकलंय. वाचनखूण साठवली.

गप्पीदास

चोरी करण्याआधी संताची प्रार्थना! आमच्या पंढरपुरात असे भक्त पुष्कळ, फक्त चोरलेलं मधे ठेवत नाहीत.

उत्तरवसई

सुंदर लिहिलंत. आमच्या वसईत फादर कपॉनचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण गेल्या वर्षी त्यांच्याबद्दल बातमी होती. २०२५ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस रोममध्ये इस्पितळात होते, तिथूनच त्यांनी मंजुरी दिली आणि फादर कपॉन ‘व्हेनरेबल’ झाले. पायऱ्या अशा: आधी ‘देवाचा सेवक’ (ते १९९३ मध्येच झालं होतं), मग व्हेनरेबल, मग धन्य, मग संत.

यात एक खोच आहे. ते हुतात्मा म्हणून पुढे गेलेले नाहीत. श्रद्धेच्या द्वेषापोटी कोणी ठार मारलं तर हुतात्मा. हे मेले आजाराने आणि उपासमारीने. आता मरू दिलं आणि मारलं यात किती अंतर, हा वाद वर्षानुवर्षं चालू शकतो. पोप फ्रान्सिसनी २०१७ मध्ये एक नवी वाट काढली: दुसऱ्यांसाठी आपणहून जीव देऊ करणं. मरण जवळ येतंय हे माहीत असताना प्रेमापोटी पत्करलं तर तेही संतपदाच्या वाटेला पुरेसं कारण. त्या वाटेने हे पुढे गेले.

घाई नसते हं आमच्याकडे. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, धन्य झाले १६२७ ला आणि संत १८६२ ला.

तर्कटपंजी

लेख चांगला. पण सगळेच हात जोडून उभे राहण्याआधी दोन खडे टाकतो.

एक. सैन्यातला धर्मगुरू हा सैन्याचाच भाग असतो. पगार सैन्याचा, हुद्दा कॅप्टनचा. त्याचं काम जवानाचं मनोबल टिकवणं, म्हणजे शेवटी त्याला परत लढायला उभं करणं. फादर जॉर्ज झाबेल्का नावाचे कॅथलिक चॅप्लन १९४५ मध्ये टिनियन बेटावर होते. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकायला विमानं गेली ती तिथूनच, आणि त्या वैमानिकांचे धर्मगुरू हेच. त्या वेळी ते गप्प राहिले. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी जाहीर पश्चात्ताप केला आणि उरलेलं आयुष्य युद्धाविरुद्ध बोलण्यात घालवलं. त्यांच्यावर धागा कोण काढणार?

दोन. कपॉन ज्या पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये होते, तिच्याच सातव्या रेजिमेंटने जुलै १९५० च्या शेवटी नो गुन री इथे रेल्वेच्या पुलाखाली अडकलेल्या कोरियन निर्वासितांवर गोळ्या झाडल्या. बायका, पोरं, म्हातारे. कोरियन सरकारने नंतर १६३ मेलेल्या आणि बेपत्ता लोकांची नावं नक्की केली, आणि मेलेल्यांचा खरा आकडा त्याहून मोठा मानतात. जगाला कळायला १९९९ उजाडलं. कपॉन डिव्हिजनबरोबर कोरियात उतरून तेव्हा आठवडाच झाला होता. त्या बायापोरांच्या उवा काढायला कोण होतं?

ओढ्याकाठचा

पंजी, दुसरा खडा लागला. कपॉन आठव्या रेजिमेंटमध्ये होते, सातव्यात नव्हते, पण हे मी सुटकेचं कारण म्हणून सांगत नाही. नो गुन री मूळ लेखात यायला हवं होतं, मी टाळलं. गोष्ट सरळ राहावी म्हणून टाळलं, खरं सांगायचं तर.

पहिल्याबद्दल मात्र भांडतो. मनोबल टिकवून परत लढायला उभं करणं हे आघाडीवर ठीक आहे. छावणीत कुणाला कुठे उभं करणार? तिथे एक आजार होता, कैद्यांनीच त्याचं नाव ‘गिव्ह-अप-आयटिस’ पाडलं होतं. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, जखम नाही, ताप नाही. तो खाणं बंद करायचा, तोंडावर पांघरूण घ्यायचा आणि दोन-तीन दिवसांत मरायचा. डॉक्टर अशांना शिव्या देत, हलवत, जबरदस्तीने चालवत. कपॉन पहाटे सगळ्यांआधी उठून चूल पेटवायचे आणि कढत पाणी घेऊन एकेकाच्या तोंडाशी धरायचे. त्या युद्धात सात हजारांहून जास्त अमेरिकन पकडले गेले, त्यातले २,७०० च्या आसपास कैदेतच मेले. बहुतेक त्या पहिल्याच हिवाळ्यात. या माणसाने कुठल्या सैन्याची सेवा केली म्हणाल?

तर्कटपंजी

मान्य. छावणीतला माणूस मला आवडलाच आहे. माझं भांडण त्याच्या गणवेशाशी आहे. आणि तुमच्याच लेखात उत्तर आहे: तिथवर पोचेपर्यंत त्याच्या अंगावर गणवेश म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मधुमालती

एक प्रश्न. जिनिव्हा करारात धर्मगुरूंना वेगळी वागणूक आहे ना? मग त्यांना कैदी कसं केलं?

ओढ्याकाठचा

आहे. १९४९ च्या करारानुसार पकडलेले डॉक्टर आणि धर्मगुरू युद्धकैदी धरत नाहीत. आपल्या माणसांची सेवा करता यावी म्हणून त्यांना ठेवून घेता येतं, पण त्या कामाला मोकळीक द्यायची. इथे उलट झालं. प्रार्थना घेण्यावर बंदी, धमक्या. बंदी असताना ईस्टरला परवानगी कशी मिळाली, तर फादरनी सतत लकडा लावून ती मिळवली.

त्याच युद्धात आणखी एक प्रकार घडला होता. १६ जुलै १९५० ला तेजोनच्या उत्तरेला डोंगरात तीसेक गंभीर जखमी अमेरिकन मागे सोडावे लागले. त्यांच्याजवळ फादर हर्मन फेलहोल्टर थांबले. उत्तर कोरियन सैनिक आले आणि त्यांनी स्ट्रेचरवरच्या जखमींसकट फादरनाही गोळ्या घातल्या. ते जखमींवर प्रार्थना म्हणत होते. कपॉन कोरियात उतरण्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट.

विचिटाहून

नमस्कार. इथे खाते उघडून सहा वर्षं झाली, प्रतिसाद पहिलाच. मी कॅन्ससमधल्या विचिटात राहते, नवरा इथल्या विमान कारखान्यात आहे. फादरांचं नाव इथे शाळेला आहे, आणि तुम्ही लिहिलेला तो क्रूस त्याच शाळेत आहे. मी पाहिलाय. काटेरी मुकुट तारेचा आहे, जुन्या रेडिओची तार म्हणतात. चेहरा लांबट, डोळे मिटलेले. खूप ‘सुबक’ नाही, पण जवळ उभं राहिलं की बाजूला व्हावंसं वाटत नाही.

उच्चार तुम्ही बरोबर लिहिलात, इथे ‘कपॉन’च म्हणतात.

मृतदेहाची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. यालूकाठी त्यांना पुरलं होतं. शस्त्रसंधीनंतर १९५४ मध्ये दोन्ही बाजूंनी मेलेल्यांचे अवशेष एकमेकांना दिले, त्यात हेही आले, पण ओळख पटली नाही. होनोलुलूच्या लष्करी दफनभूमीत ‘अनोळखी’ म्हणून पुरले. इकडे घरचे आणि पिल्सनचे लोक समजत होते की ते अजून कोरियातच आहेत. २०१९ मध्ये त्या अनोळखी कबरी उघडून तपासणी सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये दात आणि डीएनएवरून कळलं की हे तेच. पासष्ट वर्षं माणूस अमेरिकेच्याच भूमीवर होता.

सप्टेंबर २०२१ ला विचिटात आणलं. २९ तारखेला अंत्यविधी. चर्चमध्ये मावणार नाहीत इतके लोक, म्हणून मोठ्या क्रीडागृहात मिस्सा झाली. मग शवपेटी घोड्यांच्या गाड्यावरून कॅथेड्रलला नेली. मी रस्त्याकडेला लेकीला कडेवर घेऊन उभी होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर ‘कोरिया’ लिहिलेली टोपी. गाडा पुढे आला तसे ते उठून उभे राहिले. मुलाने सावरायला हात पुढे केला तर त्यांनी झटकला.

सई_व

बापरे. लिहीत जा हो ताई, सहा वर्षं कशाला गप्प राहिलात!

गप्पीदास

म्हणजे आपल्या थोरातांच्या फौजेनेच या कैद्यांना सोडवलं का? तसं असेल तर कॉलर ताठ करतो.

ओढ्याकाठचा

कॉलर ताठ करा, पण वेगळ्या कारणासाठी. घरी जायला तयार असलेले कैदी ऑगस्ट-सप्टेंबर १९५३ मध्ये थेट अदलाबदलीत गेले. क्रूस त्यांच्याबरोबर आला. परत जायला *नकार* देणारे जे उरले ते आपल्या फौजेच्या ताब्यात आले. बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन, आणि दुसऱ्या बाजूचे साडेतीनशेच्या वर, त्यांत वीसेक अमेरिकनही. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, प्रत्यक्ष राखण थोरातांकडे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकाचा पाय आपल्या जमिनीला लागू देईनात, म्हणून आपले जवान बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला बोलून बोलून सोडवून आणलं.

त्याआधीही आपले लोक कोरियात होते. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये दक्षिण कोरियातल्या पुसानला उतरली, तेव्हा कपॉनना पकडून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

पदकांचं राहिलं होतं, उरकतो. १९५१ मध्येच डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे पदक झालं. बरोबरचे कैदी, विशेषतः माईक डाउ आणि हर्बर्ट मिलर, सर्वोच्च पदकासाठी पुढे अनेक वर्षं झगडत राहिले. त्या पदकाला, मेडल ऑफ ऑनरला, मुदत असते, ती उलटून गेली होती, त्यामुळे त्यांच्या काँग्रेसला खास सूट द्यावी लागली. ११ एप्रिल २०१३ ला ओबामांनी ते पुतण्या रे कपॉनच्या हाती दिलं. समोर मिलर बसलेले होते. ज्यांना पाठीवर उचललं होतं तेच.

माजी_फौजी

धागा दोन दिवस वाचतोय. आमच्याकडच्या धर्मगुरूंबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी मराठा लाईट इन्फंट्रीत २२ वर्षं काढली.

आपल्या सैन्यात धर्मगुरू हा अधिकारी नसतो, जेसीओ असतो, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याचा. नायब सुभेदार म्हणून भरती. कागदावर ‘रिलिजस टीचर’, बोलताना पलटण कोणती आहे त्याप्रमाणे पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाब, पाद्रीसाब. प्रशिक्षणाला सगळे एकत्र, पुण्याला, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये. तिथे पंडिताला कुराण शरीफची ओळख करून घ्यावी लागते आणि मौलवीला आरती. पलटणीत रविवारी मंदिर परेड असते, ती परेडच, हजेरी लागते. मुसलमान जवानही येऊन बसतो आणि ईदला हिंदू सुभेदारही नमाजाच्या रांगेमागे उभा असतो. पंजी म्हणतील मनोबलासाठी. आहेच मनोबलासाठी.

पण आमच्या पंडितजींचं खरं काम मंदिरात नसायचं. आघाडीवर गेलो की ते एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली. जखमी आला की त्याच्या डोक्याशी बसायचे. पोरांच्या घरची पत्रं वाचून दाखवायचे, वाईट बातमी असली की सीओसाहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, आधी त्यांनाच बोलवायचे. कोणी रात्री उठून बसायला लागला, जेवेना झाला, की पहिलं त्यांच्या ध्यानात यायचं. वर लिहिलाय तो पांघरूण घेऊन मरणारा आजार, तो आमच्याकडे त्या थराला गेला नाही, पण सुरुवात मी पाहिलीय.

एकदा वरच्या चौकीवर एक ख्रिश्चन जवान गेला. हिमस्खलन. पाद्री सगळ्या ब्रिगेडमध्ये एकच, आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर बंद. बॉडी तशीच खाली पाठवायची? आमचा एक क्लार्क वसईचा होता. त्याने वायरलेसवर प्रार्थना सांगितली, पंडितजींनी ती देवनागरीत चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि बर्फात उभं राहून अख्खी वाचली. जानवं, गंध, सगळं तसंच. ‘आमेन’ म्हणायची पाळी आली तेव्हा आम्हाला कळेना कोणी म्हणायचं, मग सगळेच म्हणालो.

उत्तरवसई

काका, कुठली प्रार्थना होती ती? ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’?

माजी_फौजी

हो, तीच आधी. नंतर मृतांसाठीची एक होती, ‘सार्वकालिक विश्रांती’ असं काहीसं.

तर्कटपंजी

काका, माझा खडा मी खिशात ठेवला. 🙏

मधुमालती

ती चिठ्ठी ठेवलीय का हो कोणी?

माजी_फौजी

पंडितजींच्या पोथीत होती. ते पेन्शन गेले तेव्हा नव्या पंडितजींना चार्ज देताना मी क्वार्टर मास्टरच्या वतीने हजर होतो. यादी वाचली: समई दोन, शंख एक, घंटा एक, पोथ्या सहा, सतरंजी चार. सह्या झाल्या. मग त्यांनी पोथीतून ती चिठ्ठी काढली आणि नव्यांच्या हातात दिली. मी म्हटलं, पंडितजी, ही यादीत नाही. म्हणाले, लिहा मग. मी लिहिलं: कागद एक.